घर कोणाचे, नकाशा कोणाचा?

वर्धेच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, कौंडण्यपूर नावाचे गाव आहे. विदर्भ देशाची ही प्राचीन राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर, अशी परंपरेची श्रद्धा आहे. रुक्मिणीची पालखी आजही दरवर्षी येथून पायी पंढरपुरास जाते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी येथे एके काळी मोठी वस्ती नांदत होती याविषयी संशय नाही. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९६०च्या दशकात येथे उत्खनन केले, तेव्हा पांढरीच्या टेकाडाखालून इसवी सनापूर्वीच्या काळापासूनच्या वस्तीचे थर उघडे झाले. अशा टेकाडांतून राजांचे मुकुट सहसा निघत नाहीत. निघतात ती खापरे, मणी, चुलींची राख आणि सारवलेल्या जमिनी. म्हणजे सामान्य माणसांच्या संसाराच्या खुणाच शेवटी मागे उरतात.

‘पांढरी’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. वऱ्हाडातील शेतकरी गावाच्या भूमीचे दोन भाग मानतो. पिकवावयाची ती काळी आणि राहावयाची ती पांढरी. काळीचा प्रश्न आपल्या चळवळीने पिढ्यान् पिढ्या लढविला. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेवर सत्याग्रह झाले, कार्यकर्ते तुरुंगात गेले, कायदे करणे शासनाला भाग पडले. पांढरीचा प्रश्न मात्र आपण घरकुलाचा अर्ज भरून देण्यापुरता मर्यादित ठेवला. घर मिळाले की नाही, एवढेच आपण विचारले. ते कसे आहे, त्याचा नकाशा कोणी काढला आणि ज्याने राहावयाचे त्याला तो दाखविला काय, हे विचारावयाचे राहून गेले. आजच्या अग्रलेखाचा विषय तो राहून गेलेला प्रश्न आहे.

शहरांतील नव्या इमारतींच्या कुरूपतेविषयी अलीकडे वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जाते. काचेचे मनोरे, रंगीबेरंगी पत्र्यांनी मढविलेली व्यापारी संकुले, आगपेट्या रचाव्यात तशा उभ्या केलेल्या वसाहती, यांवर रसिक मंडळी नाके मुरडतात आणि जुन्या वाड्यांच्या आठवणी काढतात. त्यावर आपले काही साथी उत्तर देतात की, सौंदर्याची चर्चा हा पोट भरलेल्यांचा उद्योग आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला छपराचा रंग विचारू नये. आमच्या मते या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. पहिली भूमिका कुरूपता ही अभिरुचीची चूक समजते, तर दुसरी भूमिका गरिबाला कसलेही घर चालेल, हे धनदांडग्यांचेच तत्त्व नकळत मान्य करते. दोघांच्याही नजरेतून निसटते ती गोष्ट अशी की, इमारत कुरूप होते त्याच्या पुष्कळ आधी ती अन्यायाची झालेली असते.

याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागात उभे आहे. रस्ते रुंद करावयाचे, रेल्वेमार्ग वाढवावयाचे, म्हणून ज्यांच्या झोपड्या हटविल्या त्या हजारो कुटुंबांना लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत घरे देण्यात आली. घर २२५ चौरस फुटांचे, पक्के, नळ आणि शौचालय आत. कागदावर यात काही उणे दिसत नाही. परंतु एक इमारत आणि तिच्या शेजारची इमारत यांच्यामध्ये अंतर ठेवले गेले ते अवघे ३ मीटर! सात-आठ मजली भिंतींच्या मध्ये ३ मीटरची घळ राहिली की तिच्या तळाशी सूर्य पोचत नाही आणि वारा वाहत नाही, हे सांगावयास वास्तुशास्त्राची पदवी लागत नाही. खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकी उघडावी तर वरून कचरा पडतो आणि समोरच्या घरातले सर्व काही दिसते, म्हणून ती बंदच राहते.

परिणाम काय झाला? ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने येथील वसाहतींचा अभ्यास केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या वसाहतींत इमारती एकमेकींना खेटून होत्या तेथे क्षयरोगाचे प्रमाण, त्याच परिसरातील अधिक मोकळ्या रचनेच्या वसाहतीच्या मानाने, कितीतरी अधिक आढळले. खालच्या मजल्यांवर ते विशेष होते. क्षयाचे जंतू कोंदट, अंधाऱ्या खोलीत तग धरून राहतात; ऊन आणि खेळती हवा हे त्यांचे शत्रू. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या चाळींविषयी आरोग्याधिकारी हेच सांगत होते. ते ज्ञान शंभर वर्षे उपलब्ध असताना स्वतंत्र भारतातील शासनाने गरिबांसाठी ऊन न येणारी घरे बांधली.

हे अज्ञानातून घडले असे कोणी समजू नये. इमारतीच्या उंचीच्या मानाने भोवती मोकळी जागा सोडावी, हा नियम मुंबईत पूर्वीपासून आहे. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी तो शिथिल करण्यात आला. त्यामागचे गणित समजून घेतले पाहिजे. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने मुंबईतील ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याची घोषणा केली आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन केले. ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ असा की, खर्च शासन करणार नाही, बिल्डर करील. आणि त्याच्या मोबदल्यात त्याला खुल्या बाजारात विकावयास जादा चटईक्षेत्र मिळेल. हीच रीत पुढे प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतींनाही लागली. बिल्डरच्या दृष्टीने गरिबाचे घर हा खर्चाचा रकाना आहे आणि बाजारात विकावयाचा गाळा हा नफ्याचा. मग पहिला रकाना जितका दाबता येईल तितका दाबणे ओघानेच आले. म्हणून इमारती एकमेकींच्या अंगावर आल्या आणि अंगणे नाहीशी झाली. पुढे घराचे क्षेत्र २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि नंतर ३०० झाले, ही सुधारणा आम्ही नाकारीत नाही. परंतु घर मोठे झाले म्हणून दोन इमारतींमधली घळ रुंद होत नाही. ते गणित बदलले नाही तोवर क्षेत्रफळाने काय साधणार?

त्याच मुंबईत अल्टामाउंट रोडवर ‘अँटिलिया’ ही २७ मजली, सुमारे १७३ मीटर उंचीची इमारत २०१० साली पूर्ण झाली. तीत एक कुटुंब राहते. ज्या भूखंडावर ती उभी आहे तो पूर्वी खोजा समाजाच्या अनाथाश्रमाच्या विश्वस्त संस्थेचा होता. २००२ सालच्या त्याच्या विक्रीवरून वक्फ कायद्याखाली वाद झाला. ती इमारत सुंदर की बेढब यावर वास्तुविशारदांनी खुशाल वाद घालावा. आम्हांला दिसते ते एवढेच की, एकाच महानगराच्या नियमावलीच्या छायेखाली एका कुटुंबाला शहरावरचे सारे आकाश मिळते आणि हजारो कुटुंबांना उन्हाची तिरीपही मिळत नाही.

ही विषमता निसर्गनिर्मित नाही, ती कायद्यांनी घडविलेली आहे. १९७६ साली नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा झाला. त्याची अंमलबजावणी पळवाटांनी पोखरली हे खरे. तथापि शहरी जमीन ही अमर्याद मालकीची वस्तू नव्हे, हे तत्त्व त्यात होते. महाराष्ट्राने २००७ साली ते तत्त्वच सोडून दिले. १९८२च्या संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींचे तीन वाटे करून एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना आणि एक मालकाला द्यावा, असे १९९१च्या नियमाने ठरले होते. २००१च्या दुरुस्तीने वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. ज्या गिरणगावात मुंबईचा श्रमिक घडला, तेथे आज काचेचे मनोरे उभे आहेत. मनोऱ्यांच्या काचेला नावे ठेवण्याआधी त्या दुरुस्तीचा जाब विचारावयास हवा.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. समाजवादी म्हणविणाऱ्या देशांनी तरी कोणती सुंदर घरे बांधली? सोव्हिएत संघराज्यात ख्रुश्चेव्हच्या काळापासून कारखान्यात ओतलेल्या सिमेंटच्या तक्त्यांची एकसारखी घरे शहराशहरांतून उभी राहिली. लक्षावधी कुटुंबांना त्यांनी प्रथमच स्वतंत्र घर दिले, हे श्रेय मोठे आहे. पण मॉस्को असो की मध्य आशियातले ताश्कंद, तोच तक्ता आणि तोच नकाशा लागू करणारी नोकरशाही राहणाराचे मत विचारीत नव्हती, हेही तितकेच खरे. भांडवलदारी देशांतील अनुभवही उलट सांगत नाही. अमेरिकेतील सेंट लुईस येथे गरिबांसाठी बांधलेली प्रुइट-आयगो ही प्रचंड वसाहत, दोन दशकेही धड न लोटता, १९७२ सालापासून शासनालाच सुरुंग लावून पाडावी लागली. बिल्डरच्या नफ्यासाठी काढलेला नकाशा आणि साहेबाच्या सोयीसाठी काढलेला नकाशा, या दोहोंतही राहणारा माणूस गैरहजर असतो.

तो हजर असला म्हणजे काय होते, याचीही उदाहरणे आहेत. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना नगरपालिका समाजवादी पक्षाच्या हाती आली. श्रीमंतांवर कर बसवून तिने कामगारांसाठी घरे बांधली. त्यांतील कार्ल मार्क्स हॉफ ही वसाहत १९३० साली पूर्ण झाली. तेराशेहून अधिक घरे असूनही तेथे भूखंडाचा थोडाच भाग बांधकामाखाली आहे, उरलेल्या जागेत बागा आणि अंगणे आहेत. धुलाईघरे, बालवाड्या, वाचनालय ही घरांइतकीच आवश्यक मानली गेली. आपल्याकडे बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात बैठ्या घरांची वसाहत आखली. सात-आठ घरांमध्ये एक सामाईक अंगण आणि प्रत्येक घर पुढे गरजेप्रमाणे वाढविता येईल, असा तिचा आराखडा होता. सिमेंट तेथेही वापरलेलेच आहे. म्हणजे दोष सिमेंटचा नाही आणि आधुनिकतेचाही नाही.

हे आम्ही आवर्जून सांगतो, कारण या विषयावर बोलू लागले की लगेच जुन्याचा गौरव सुरू होतो. जुन्या गावाची रचना ही जातीची रचना होती. वाडा मध्यभागी आणि महारवाडा गावकुसाबाहेर, ही त्या वास्तुकलेची दुसरी बाजू होय. ज्याच्या आजोबांना पावसाळ्यात गळक्या कुडाच्या झोपडीत भांडी मांडून रात्र काढावी लागली, त्याला सिमेंटचा स्लॅब हा आपल्या माणूसपणाचा पुरावा वाटतो. त्याला मातीच्या घराचे माहात्म्य ऐकविण्याचा अधिकार वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यास नाही. प्रश्न माती की सिमेंट हा नाही. त्या स्लॅबखाली वैशाखात माणूस झोपू शकतो की नाही, हा आहे.

आणि येथे आपण पुन्हा वऱ्हाडात येतो. अकोला-अमरावतीचा उन्हाळा ४५ अंशांची मर्यादा सहज ओलांडतो. जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या भिंतींची आणि लाकडावर मातीचा जाड थर दिलेल्या छताची असत. ती गळत, त्यांत उंदीर-घुशी होत, दर पावसाळ्यापूर्वी त्यांची डागडुजी करावी लागे. परंतु दुपारची झळ त्या मातीतून आत यावयास रात्र उजाडे. पातळ भिंतीचे आणि उघड्या स्लॅबचे घर दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता आत ओकत राहते. टिनपत्र्यांचे तर विचारूच नये. शेतात दिवसभर राबलेली मजूर स्त्री रात्री झोपू शकत नाही, हा वास्तुकलेचाच दोष आहे, मग त्याचे छायाचित्र कोणत्याही मासिकात न येवो.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य, असे निकष ठरले. वेगवेगळ्या प्रदेशांच्या हवामानाला अनुरूप घरांचे नमुनेही केंद्र शासनाने तयार करून घेतले. पण ते नमुने लाभार्थ्याच्या हाती किती गावांत पडले? पंचायत समितीच्या कार्यालयात त्याला हप्त्यांचे वेळापत्रक समजते; घराची तोंडे कोणत्या दिशेला असावीत, स्लॅबवर उष्णतारोधक थर कसा द्यावा, ओसरी का सोडावी, हे समजावून सांगणारा कोणी भेटत नाही. आपली काळी भारी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. मुरमाच्या भूमीसाठी पुरेसा असणारा उथळ पाया तिच्यावर टिकत नाही, भिंतींना तडे जातात. तडा गेला की दोष ‘लाभार्थ्याने काम नीट केले नाही’ म्हणून त्याच्याच माथी मारला जातो.

शहरांतही निराळे काही नाही. अमरावतीच्या जुन्या परकोटाचे दरवाजे, जवाहर दरवाजा असो की अंबा दरवाजा, आज रहदारीच्या आणि दुकानांच्या गर्दीत उभे आहेत. त्यांच्या बाहेर वाढलेल्या शहरात, इतर शहरांप्रमाणेच, दुकानांच्या दर्शनी भागांवर ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे ठोकण्याची चाल पडली आहे. यांतील स्वस्त पत्र्यांच्या पोटात प्लॅस्टिकचा थर असतो. लंडनमधील ग्रेनफेल या सार्वजनिक घरांच्या मनोऱ्याला अशाच जातीच्या पत्र्यांनी मढविले होते. १४ जून २०१७ च्या रात्री त्या मनोऱ्याला आग लागली, ती पत्र्यांवरून पाहता पाहता वर चढली आणि ७२ माणसे मेली. इमारत सुरक्षित नाही, असे तेथील रहिवासी आधीपासून सांगत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. २०२४ साली चौकशी अहवालाने निर्णय दिला की, यांतील प्रत्येक मृत्यू टाळता आला असता. आपल्याकडे ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा बांधली जात असलेली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. मजले चढत असताना ती कोणाला दिसत नव्हती काय?

लोक बोलले म्हणजे काय होऊ शकते, हे नागपूरने दाखविले आहे. दीक्षाभूमीच्या विकासाच्या योजनेत स्तूपाशेजारी भूमिगत वाहनतळ खोदला जात होता. त्यामुळे स्तूपाला धोका पोचेल, ही आंबेडकरी जनतेची धास्ती होती. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तेथे जमले, संतापाचा उद्रेक झाला आणि त्याच दिवशी शासनाला काम थांबविण्याची घोषणा करावी लागली. त्या दिवशी झालेल्या तोडफोडीचे समर्थन आम्ही करीत नाही. पण ज्यांच्या श्रद्धेचे ते स्थान आहे त्यांना आधी विश्वासात घेतले असते, तर तो प्रसंगच आला नसता. उद्या कौंडण्यपुरात तीर्थक्षेत्र विकासाच्या नावाखाली नदीकाठ सिमेंटने बांधून काढावयाचा झाला, तर गावकऱ्यांना आणि वारकऱ्यांना नकाशा आधी दाखविला जाईल, की कोनशिलेच्या दिवशी?

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काय? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. विकास योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागविणे त्याखाली बंधनकारक आहे. बिल्डर या तरतुदीचा उपयोग वकिलांमार्फत करतात. आपण तिची मुदत संपल्यावर मोर्चा काढतो. यापुढे प्रत्येक शहर शाखेने हा आराखडा मिळवून वस्तीच्या चौकात लावावा, तो साध्या मराठीत समजावून द्यावा आणि हरकती मुदतीत दाखल कराव्यात. दुसरे असे की, ऊन, वारा आणि दोन इमारतींमधील अंतर यांबाबतीत गरिबांच्या घरांना कोणतीही सवलत, म्हणजे खरे तर शिक्षा, असू नये, ही मागणी आपण राज्यभर लावून धरली पाहिजे. ज्या वसाहती बांधून झाल्या आहेत तेथे क्षयरोग्यांची नियमित तपासणी व्हावी आणि अगदी अंधाऱ्या घरांतील कुटुंबांना दुसरी घरे द्यावीत. तिसरे, घरकुलाचा पुढचा हप्ता मागावयास पंचायत समितीत जाल तेव्हा आपल्या प्रदेशाचा नमुना आणि काळ्या जमिनीचा पाया कसा घालावा याची माहितीही मागा. उष्णतारोधक छतासाठी वाढीव साहाय्य मागा. गावातील गवंडी आणि सुतार यांना त्या चर्चेला बोलवा. पुस्तकी अभियंत्याला जे ठाऊक नसते ते पुष्कळदा त्यांना ठाऊक असते.

ही कामे लहान वाटतील. मोर्चाइतका आवाज त्यांत नाही आणि वृत्तपत्रांत त्यांची छायाचित्रेही येणार नाहीत. परंतु कसणाराचा जमिनीवर हक्क आहे, हेही एके काळी कोणाला पटत नव्हते. ते गावोगाव बसून, सातबाराचे उतारे वाचून दाखवून पटवावे लागले. राहणाराचा नकाशावर हक्क आहे, हेही तसेच पटवावे लागेल. काळीच्या लढ्यात जे शिकलो ते आता पांढरीच्या लढ्यात उपयोगी पडावे.